कल्लावाली आणि सोन्याची वायर

आमच्या बायकोला मालाडच्या मासळी बाजारात नावाने कोणी ओळखत नव्हतं. सगळे कल्लावाली म्हणायचे. गिऱ्हाईक टोपलीवर वाकायच्या आत ही बोटाने पापलेटाचा कल्ला उघडून धरायची. आत लाल असेल तर ताजा, काळपट असेल तर शिळा. "आदी कल्ला बघ, मग भाव कर," हे तिचं ठरलेलं बोलणं. मासा कालचा असला तर तोही उघडून दाखवायची.

एकदा शेजारच्या बाईने शिळ्या सुरमईच्या कल्ल्याला रंग फासला. हिने पदराचं टोक ओलं केलं, कल्ला पुसला आणि लाल झालेला पदर गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरला. मी घरी म्हटलं, "आपल्यातल्याच बाईची अब्रू घालवलीस." म्हणाली, "अब्रू होती तर रंग कशाला लावला?"

मी होडीवर जन्म काढलेला, चौथी शिकलेला माणूस. मोठा टीव्ही घ्यायला दोघं दुकानात गेलो. टीव्हीला चॅनेलचा डबा, तो सेट-टॉप बॉक्स, जोडायची वायर डब्याबरोबर फुकट मिळाली होती, ती हिने पिशवीत आणली होती. तरी तिथला माल विकणारा टायवाला पोरगा म्हणाला, "मावशी, ती साधी. ही घ्या, टोकाला सोन्याचा मुलामा आहे. चित्र झकास दिसेल."

हिने दोन्ही वायरी दोन हातांत धरल्या. "हिचा कल्ला कुटं हाय?"

तो हसला. ही नाही हसली. "तोंड फिरव बाला, भितीकडं. आमचा म्हातारा वायर लावंल. मंग तू वळून सांग, सोन्याची की फुकटची."

टायवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी वायर बदलायचो, तो वळायचा, डोळे बारीक करायचा. पाच वेळा केलं, तीनदा चुकला. "अरे, तुज्या मालाचं तोंड तुलाच वळखत नाय, मला काय इकतोस?" अख्खं दुकान हसलं. पुढे माझ्या पुतण्याने सांगितलं, तो टीव्ही जोडायचंच काम करतो. म्हणाला, या वायरीतून चित्र आलं तर पुरतं येतं, नाहीतर तुटतं, काळं पडतं. लांब न्यायची असेल तर बरी वायर बघावी. हातभर अंतराला सोनं लावून काही उजळत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी फसलो.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. सुनेने तिचा बाजारातला एक व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून डब्याला लावून दिला. जुन्या मोबाइलवर घेतलेला. टीव्हीवर चेहरा पार धुरकट, डोळे कुठे आणि नाक कुठे कळेना. मी दुकानात गेलो. तोच टायवाला. "मावशी नाही आल्या?" मी सांगितलं, गेली. कशासाठी आलो तेही सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, सोन्याची वायर न्या. चेहरा स्पष्ट दिसेल."

घेतली. चेहरा म्हटल्यावर माझी अक्कल गेली. घरी लावली, सात-आठ वेळा व्हिडिओ बघितला. धुरकट ते धुरकटच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. "तोंड फिरव," म्हटलं.

"काका, पाकीट फोडलंय, परत होणार नाही."

"परत कोण मागतंय? तू तोंड फिरव. तिच्यासमोर फिरवलं होतंस ना?"

तो जागचा हलला नाही. मान खाली घालून बिलाचे कागद चाळत राहिला. टीव्ही विकायचा तर विक, दोन पैसे कमव. पण मेलेल्या बाईचा चेहरा विकतोस? त्यापेक्षा कल्ल्याला रंग लावणारी बरी, तिने मासा तरी दिला असता. हे मी ओरडूनच बोललो. बाजूला एक नवरा-बायको तसलीच वायर घेऊन उभे होते. बाईने ती गुपचूप खुंटीला परत अडकवली. मी माझी वायर टायवाल्याच्या कागदांवर टाकली आणि निघालो.

घरी येऊन फुकटची वायर पुन्हा लावली. बघतो रोज. चेहरा कधी स्पष्ट होणार नाही, मोबाइलमध्येच आला नाही तर वायर बिचारी कुठून आणणार? पण शेवटी ती पापलेट उचलते, थेट आपल्यासमोर धरते आणि बोटाने कल्ला उघडते. तो मात्र लालभडक दिसतो.