इनामावशीच्या पायांवरची आंघोळ

इनामावशी गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी माझ्या लेकीला, सईला, आंघोळीसाठी तिसऱ्यांदा हाका मारत होते. आता दीड महिना होत आला, पण पापडी गावातल्या आमच्या शेजारघराकडे नजर गेली की अजून वाटतं, मावशी पाटावर पाय पसरून बसली असेल आणि तिच्या पायांवर कुणाचं तरी चार दिवसांचं पोर केकाटत असेल...

गावातल्या तान्ह्या बाळांना आंघोळ घालायची ती मावशीनेच. चर्चला जाणारी घरं असोत की आमच्यासारखी देवघरवाली, बाळंतीण घरी आली की बोलावणं तिलाच. पहिला तांब्या ओतला की घरातले सगळे कान टवकारायचे, कारण मावशी तिथल्या तिथे पोराचा स्वभाव सांगायची. "ही भांडकुदळ होणार." "हा बघा, रडायच्या आधी इकडंतिकडं बघतो. माणसांत मिसळायला वेळ घेईल, ढकलू नका त्याला." पुष्कळदा खरं ठरायचं. चुकलं तर कबूल करेल ती मावशी कसली! कोपऱ्यावरच्या घरातल्या आंतोनच्या तोंडातून शब्द निघणार नाही, असं तिने सांगितलेलं. तो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून आख्खं गाव उठवायला लागला. "मग? वाजवताना बोलतो का तो?" मावशी म्हणाली.

गावातल्या प्रत्येक पोराकडे मावशीचं असं एक वाक्य होतं. माझ्याकडे नव्हतं. आईबाबांनी मला दत्तक घेतलं तेव्हा मी दीड वर्षाची होते. त्यांनी ते कधी लपवलं नाही, लाडही चिक्कार केले. पण पाहुणे जमले की 'हिचं नाक आत्याचं, याचा राग आजोबांचा' सुरू व्हायचं आणि माझ्यापाशी येऊन गाडी अडायची. मी कुणावर गेलेय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फार लागायचं ते.

आठ वर्षांची असताना एका दुपारी मी तडक मावशीच्या परसात गेले. "मला पण आंघोळ घाल. आणि सांग."

दुसरी कुणी हसली असती. मावशीने पाट मांडला, पाय पसरले. "ये." मी तिच्या पायांवर कसली मावतेय! केळीच्या घडासारखी दोन्हीकडून लोंबत होते. तिने पाणी ओतलं. मी दचकले, पायाची बोटं गच्च आवळली, पण उठले नाही. मावशी बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. "घाबरतेस," ती म्हणाली, "पण पळत नाहीस. हे तुझं जन्माचं. कुठून आणलंस मला नाही ठाऊक, पण चांगलं आणलंयस." मग माझं डोकं खसाखसा पुसत म्हणाली, "आणि हवं ते मागून घेतेस, ते तुझ्या आईचं. ते इथे येऊन लागलं तुला." ओल्या फ्रॉकनेच मी घरभर सांगत सुटले. आई आधी रागावली, मग हसता हसता रडली.

पुढे सई झाली. मावशीचे गुडघे तोवर कुरकुरायला लागले होते, तरी हट्टाने आली. पहिला तांब्या ओतला. सईने पायाची इवलीशी बोटं गच्च आवळली... मला जवळ ओढून मावशीने नुसतं तिकडे बोट दाखवलं. माझ्या रक्तातलं काहीतरी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्या कुणात बघत होते. मी ढसाढसा रडायला लागले तशी मावशी ओरडली, "अगं बाई, आता पोरीला आंघोळ घालू की तुला?"

मावशीच्या सुनेने परवा तो पाट आमच्याकडे आणून दिला. "ममा सांगून गेलीय, तुलाच द्यायचा." मी म्हटलं, ठेवू आठवण म्हणून. तर काल समोरच्या बिल्डिंगमधली नवी बाळंतीण दारात उभी! तिची आई लांब गावी, आणि मावशीचा पाट इथे आहे असं कुणीतरी तिला सांगितलेलं. मला काय येतंय बाळांचं? सई झाली तेव्हासुद्धा सगळं मावशीनेच केलेलं. पण गेले पाट घेऊन. बसले, पाय पसरले, बाळ पायांवर घेतलं, आणि बघते तर माझ्याच पायाची बोटं गच्च आवळलेली.

मग पहिला तांब्या ओतला.