माझ्यावरची लाल फुली

भिंतीएवढ्या पडद्यावर मी उकिडवा बसलो होतो. हातात मोजे नाहीत. उजवा हात बेल्टखाली. आणि सगळ्या अंगावर लाल फुली.

हॉल अधिकाऱ्यांनी भरलेला. आमच्या विभागाचे साहेब माइकवर म्हणाले, "पहले ये लोग ऐसे काम करते थे. समझाओ तो समझते नहीं." लोक हसले. मी मंचाच्या कडेला दाताळं धरून उभा होतो. पडद्यावरचा तो मीच, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी भिलाईत, कारखान्यात ठेकेदाराचा मजूर. कन्व्हेयर बेल्टवरून कोळसा सांडतो, तो खाली बसून हातानं काढायचा. सोबतच्या एकाची बोटं गेली, तेव्हा मी भंगारातल्या सळ्या जोडून लांब दांड्याचं दाताळं केलं. बापाचं भंडाऱ्याकडं शेतात होतं, तसंच. वर्षभर आम्ही त्यानंच कोळसा ओढला. साहेबांना ते दिसलं, कामातल्या सुधारणांची स्पर्धा आली तेव्हा.

स्पर्धेला 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो लागतात. आधीचा फोटो कुणी काढलाच नव्हता. मग साहेबांनी बेल्ट बंद करवला, माझे मोजे उतरवले आणि मला खाली बसवलं. 'नंतर'च्या फोटोत नवं हेल्मेट घालून दाताळं साहेबांनी धरलं. मी बाजूला सरलो. कारखान्यात शिरायचा गेटपास त्यांच्याच सहीनं वाढतो. आमचं पोट हातावर, आणि हात साहेबाच्या सहीवर.

स्लाइडसुद्धा माझ्याच घरी तयार झाल्या. साहेब नागपूरचे. गणपतीत भेटले की मला आपला माणूस म्हणतात. तुझी मुलगी सुपेल्याच्या क्लासात कॉम्प्युटर शिकते ना, म्हणाले, आणि पेनड्राइव्ह नि एक चिठ्ठी दिली. कोणत्या स्लाइडवर काय, अक्षर केवढं, सगळं चिठ्ठीत. लेकीनं शेजारून लॅपटॉप मागून आणला. चौथ्या नंबरवर लिहिलं होतं: आधीचा फोटो, त्यावर मोठी लाल फुली. तिचा हात थांबला.

"बाबा, तुमच्यावर फुली मारू?"

"मार," मी म्हणालो. "कामच हाय ते."

तिनं मारली. मग पाणी प्यायला उठली, ती बराच वेळ आलीच नाही.

हॉलमध्ये परीक्षकांनी विचारलं, दांड्याला मनगटात अडकवायची दोरी का नाही? साहेबांना सांगता येईना. त्यांनी बोटानं मला बोलावलं आणि कान पुढं केला.

"बेल्टनं ओढलं तं दाताळं जावं साहेब, माणूस राहावा."

साहेबांनी तेच हिंदीत माइकवर म्हटलं. टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला. दाताळं काखेत धरून मीही टाळ्या वाजवल्या. त्याची अजून शरम वाटते.

आठ दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. पुढच्या मोठ्या स्पर्धेला 'आधी'चा फोटो नवा हवा होता. या वेळी बेल्ट चालू राहील, खरं वाटलं पाहिजे, हात जरा आत घाल, साहेब म्हणाले.

मी मोजा अर्धा काढलासुद्धा. सवयच तशी. मग डोळ्यापुढं लेक आली. या फोटोवरही फुली मारायला तिलाच बसवणार. मी मोजा परत चढवला.

"हात नाही टाकत साहेब."

"पास वाढवायचाय ना तुझा?"

"नका वाढवू."

छाती फुगवून वगैरे काही बोललो नाही. पास खरंच वाढला नाही. आता सुपेल्याच्या वर्कशॉपांत काम विचारत फिरतो. कधी मिळतं, कधी नाही. दाताळं साहेबांच्या केबिनमध्ये ट्रॉफीशेजारी उभं आहे. बेल्टखाली बसायला त्यांना दुसरा कुणी मिळालाही असेल. मी काय करू शकतो?

लेक अजून लोकांच्या स्लाइड करते. तिला सांगून ठेवलंय, ज्यानं काम केलं त्याचं नाव पहिल्या स्लाइडवर टाकल्याशिवाय पेनड्राइव्ह द्यायचा नाही. आणि माणसावर फुली मारायची नाही.

तिनं मला विचारलं होतं. मार म्हणणारा मी होतो. आता कुणाचीही सही अडकली असो, तो शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.