रिकामी सम

परवा समोरच्या गच्चीवर एक बाई गादी धोपटत होती. काठी वर जायची, क्षणभर थांबायची, मग खाली यायची. त्या थांबण्याकडे मी बघतच राहिलो. नाशकात आम्ही रेगे वाजवायचो, तेव्हा सगळी धडपड याच थांबण्यासाठी होती. जमैकातल्या त्या संगीतात पहिल्या मात्रेवर ड्रम गप्प राहतो. आमच्याआधी गावात ते कुणी वाजवलं नव्हतं. लोक विचारायचे, "वाजवणारे झोपलेत काय?"

आमचा ड्रमर वसंता लग्नाच्या बँडमधून आलेला. समेवर त्याचा हात पडायचाच. म्हणायचा, "सम सोडायची म्हणजे नवरदेवाला मागे ठेवून वरात पुढे न्यायची." पहिल्या कॅसेटच्या वेळी मी त्याला सांगितलं, रेकॉर्डिंग रद्द झालंय. बाकीच्यांना सांगितलं, वसंता येत नाही म्हणाला. आणि मुंबईचा ड्रमर बसवला. हे आजवर मी कुणाशी बोललो नाही.

थांबलेला हात पुढच्या ठोक्याची वाट बघत असतो, हे आम्ही गावाला ऐकवत होतो. वसंतासाठी थांबायचा धीर मात्र मला नव्हता.

गॅलरीतून आत येऊन त्याला फोन लावला. सगळं सांगून टाकलं.

"कॅसेट तेव्हाच ऐकली होती मी," वसंता म्हणाला. "ती ऐकूनच सम सोडायला शिकलो. राग होता तुझ्यावर, अजून आहे. रविवारी ये. आधी भांडू, मग वाजवू."