खडखडणारी डिझेल

धुळ्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात पेट्रोल घ्यावी की डिझेल, हे माझं ठरत नव्हतं. तिथे दोंडाईचाहून आलेले एक साठीचे गृहस्थही गाडी बघत होते. ते प्रत्येक गाडी सुरू करायला लावत आणि लांब भिंतीपाशी जाऊन पाठ फिरवून उभे राहत. दलाल मायलेज सांगतच राही. शेवटी त्यांनी नेमकी माझ्या मनात भरलेली डिझेल निवडली.

“नाना, एवढी खडखडते, तरी हीच?” मी विचारलं.

“मनी मायले दिसत नई, भाऊ. ही गल्लीमा वनी का तिले घरमा बठीसन समजी.”

न दिसणाऱ्या आईला गल्लीतल्या आवाजावरूनच लेक आल्याचं कळणार होतं. मी ती गाडी त्यांच्यासाठी सोडली आणि पेट्रोलची घेऊन चाळीसगावला घरी आलो. दारात दोनदा हॉर्न वाजवला. आत कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.