काकूंना समजेल असं

दुसऱ्याचं लिखाण कापताना काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा, तो मी त्यांना पुरणपोळी खातानाही कधी पाहिला नाही. ते माझे नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना काका म्हणायचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर ते एका स्थानिक दैनिकाचं विज्ञानाचं पान घरूनच बघायचे. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे आपल्याला लिहिता येतं असा माझा समज होता. कृष्णविवरांवरचा माझा पहिला लेख त्यांनी उभ्याउभ्याच वाचला आणि म्हणाले, "तुला पुष्कळ येतं, हे समजलं. कृष्णविवर काय ते नाही समजलं." मी रिक्षात बसून रडले. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, कारण म्हातारा खरं बोलला होता आणि राग त्याचाच जास्त होता.

लेख छापायची त्यांची अट एकच. तो आधी काकूंना वाचून दाखवायचा. काकूंचं माहेर मखमलाबादचं, भाजीपाला आणि फुलं पिकवणारं. शाळा लवकर सुटलेली. त्या मेथी निवडता निवडता ऐकायच्या. कुठे नुसतं "बरं" म्हणाल्या की काका त्या परिच्छेदावर लाल रेघ ओढायचे. "समजलं की माणूस प्रश्न विचारतो," ते म्हणायचे. "नाही समजलं की मान डोलावतो. ती भीड असते." काकूंनी जेव्हा "मग आत गेलेला उजेड जातो कुठं?" असं विचारलं, तेव्हा कुठे माझा लेख छापून आला.

बाकीच्यांची गतही हीच. शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांचा लेख त्यांनी परत पाठवला, वर फोन करून सांगितलं, "लपायचं असलं की माणूस अवघड बोलतो. तुम्ही कशाला लपताय?" डॉक्टरांनी बोलणं टाकलं. काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. मला मात्र हा माणूस आवडायला लागला होता, का ते आजही नीट सांगता येणार नाही.

मग काकूंचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. अंबडला कंपनीत असलेला मुलगा, काकूंचे भाऊ, सगळ्यांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही. काकांनीही मान डोलावली. माझ्यासमोरच काकूंनी विचारलं, "रिपोर्टात काय आलं वो?" काका म्हणाले, "मल्टिपल हिपॅटिक लिजन्स आहेत. ऑब्झर्वेशनखाली ठेवलंय." काकू म्हणाल्या, "बरं." काका पाणी आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

काही दिवसांनी मी गेले तर काकू पलंगावर बसल्या होत्या, काका शेजारी खुर्चीत. काकूंनी माझा हात धरला. "यांचं काय मला समजत नाय. तू सांग गं. मला समजेल असं सांग."

काका मला मानेनं नको नको म्हणत होते. त्या माणसाला विनवण्या करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पण विचारत काकू होत्या, आणि शरीर त्यांचं होतं.

"काकू, पोटात कॅन्सरची गाठ आहे," मी म्हणाले. "तिचे कण रक्तातून जाऊन लिव्हरमध्ये रुजलेत. औषधानं दुखणं कमी होईल. बरं मात्र बहुतेक होणार नाही."

"उपटून काढता येत नाय?"

"नाही. एकीकडे काढलं तर दुसरीकडे उगवतं."

काकूंनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "आता समजलं."

काका उठले आणि त्यांनी दार उघडून धरलं. "पुन्हा या घरात यायचं नाही," ते म्हणाले. काकू असेपर्यंत मी गेले नाही. मला त्यांची फार आठवण यायची.

दहाव्याला गोदावरीवर गेले, लांबच उभी राहिले. विधी आटोपल्यावर काका स्वतःहून माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, आवाज मात्र तोच.

"चांगलं सांगितलंस तिला," ते म्हणाले. "एक शब्द कापायला हवा होता. ‘बहुतेक’ हा."

"काका, शास्त्राप्रमाणे तो शब्द बरोबर होता."

"बरोबरच होता. रोज सकाळी उठली की विचारायची, बहुतेक म्हणजे काही जणं वाचतात ना वो? शास्त्राप्रमाणे मला रोज हो म्हणावं लागायचं."