जाऊन राह्यली

सुमे, आणि नांदुऱ्याहून माझ्यासारख्याच निघून गेलेल्या तुम्ही सगळ्याजणी,

महाराष्ट्र झाला त्याच्या तिसऱ्या वर्षी, लग्नाला महिना होत नाही तोच, मी नांदुरा स्टेशनावर गाडीत बसले. यांची बदली पुण्याच्या एका कचेरीत झाली होती. माय खिडकीचा गज धरून एकच सांगत होती, "पोहोचली की कागद टाकजो." बाबा जरा बाजूला उभे. उभा जन्म प्राथमिक शाळेत मराठी शिकवण्यात गेलेला माणूस. गाडी हलली तसे म्हणाले, "घाबरू नको पोरी. आता मराठी लोकायचं राज्य झालं. तिथंही आपलीच भाषा हाये."

ते खोटं बोलले नव्हते. त्यांना ठाऊक नव्हतं.

मला पहिल्याच आठवड्यात कळलं. वाणी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत होता, म्हणून मी विचारलं, "साखर देऊन राह्यले ना?" तो म्हणाला, "देऊन राहिलो? बाई, अजून दिलीच कुठं!" सगळं दुकान हसलं. आपल्याकडे 'जाऊन राह्यली' म्हणजे या घटकेला जाते आहे. त्यांच्या कानाला म्हणजे गेली, आणि तिथंच मुक्काम केला.

शेजारच्या खोलीत विशालम राहायची. मद्रासकडची, मराठीचं अक्षर न येणारी, कडेवर वर्षाचं बाळ. मी मॅट्रिक झालेली, दुपारभर रिकामी. तिला मराठी शिकवायला लागले. तिला आधी काय आलं असेल? होऊन गेलेलं सगळं. "कप फुटला." "पाणी गेलं." "बाळ पडला." चालू असलेल्या गोष्टीसाठी तिच्याकडे काहीच नव्हतं, तिथंही ती तेच वापरायची. एकदा ओरडली, "कमल, दूध गेलं!" धावत गेले तर दूध नुसतं वर चढत होतं. पातेलं उतरवत मी म्हटलं, "गेलं नाही व, जाऊन राह्यलं."

ती थबकली. मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. तिच्या भाषेतही असंच एका क्रियापदाला दुसरं जोडतात म्हणे. त्या दिवसापासून तिचं गाडं सुटलं. "बाळ झोपून राहिला." "मी भात करून राहिली." मला इतका आनंद झाला होता, सुमे, की मी बाबांना दोन पानी पत्र लिहिलं.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई एका महिला मंडळाच्या कार्यवाह होत्या. परप्रांतातून आलेल्या बायकांसाठी मंडळाला मराठीचा वर्ग काढायचा होता. विशालम सहा महिन्यांत बोलती झालेली पाहून त्यांनी मला बोलावलं. इस्त्रीचं पातळ नेसून गेले. समोर चौघीजणी.

"हल्ली काय करता?" एकीने विचारलं.

काय म्हणायचं ते मला पाठ होतं. पण घाबरलं की पाठ केलेलं आधी पळतं. "मी विशालमले शिकवून राह्यली."

"शिकवून राहिलात? मग कुठं राहिलात?"

चौघी हसल्या. मालकीणबाई मायेनं म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं. पण आधी तुम्ही मराठी शिका, मग दुसऱ्यांना शिकवा."

मी मराठी शिकायची! माझ्या बापाने शेकडो पोरांच्या हातात पेन्सिल दिली ती कोणत्या भाषेत? माझी माय शेजारणीशी भांडते, देवाला गाऱ्हाणं घालते, ते काय कानडीत? राज्य उभं करायच्या वेळी आम्ही मराठी, आणि तोंड उघडलं की गावंढळ. हे मी त्या खोलीत बोलले नाही. "बरं," म्हटलं आणि जिना चढून वर आले. तो 'बरं' अजून मला जाळतो.

वर्ग मालकीणबाईंनीच घेतला. विशालम तिथं जाऊ लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती म्हणाली, "मी उद्या आली." सगळ्या कौतुकाने कलकलल्या, "अगंबाई, किती गोड बोलते!" तिची चूक गोड, आणि माझं बरोबर असलेलं हसण्यावारी.

पुढे एकदा ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "कमल, तू चूक शिकवला. बाई सांगितल्या." मी तिच्या तोंडावर दार लावलं. त्यानंतर तिच्याशी धड बोलले नाही, आणि वर्षभरात ते लोक दुसरीकडे गेले. तिचा काय दोष होता? ज्यांच्यावर राग काढायचा त्यांना मी "बरं" म्हटलं, आणि जिने माझं बोलणं मनापासून उचललं तिच्यावर दार लावलं. या सगळ्यात मला माझी स्वतःची लाज वाटते ती एवढ्याचीच.

हे म्हणाले, "बदलून टाक की. त्यात काय एवढं?" टाकलं बदलून. 'मले'चं 'मला' लगेच झालं. 'मी गेली'चं 'मी गेले' व्हायला दोन महिने लागले. 'करतेय', 'जातेय' यायला मात्र दोन वर्षं गेली. घाई झाली, भाजलं, दचकले, की जुनंच बाहेर पडायचं. मग तेही थांबलं. लोक म्हणू लागले, तुम्ही तिकडच्या वाटतच नाही हो. ही म्हणे शाबासकी.

त्यानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा तू साखरखेर्ड्याला सासरी होतीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. बाबा ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "बाबा, कसे आहात? मी कधीची हाका मारतेय." ते उठून उभे राहिले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "ये. प्रवासात काही त्रास तर झाला नाही ना?"

शाळेत तपासणीला साहेब आले की बाबा ज्या आवाजात बोलायचे, तोच आवाज. माझ्याशी. पोटच्या पोरीशी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातली पिशवी मी ओसरीवर आपटली. "मले असं काऊन बोलून राह्यले, बाबा? मी काय शाळा तपासाले आली?"

बाबा आत वळून ओरडले, "अवं, चहा ठेव. पोरगी भांडून राह्यली!"

त्या दिवशी मी दिवे लागेपर्यंत भांडले. बाबांशी, मायशी, पुण्यात राहिलेल्या यांच्याशी, त्या चौघींशी. कोणी हसलं नाही, कोणी मधे दुरुस्त केलं नाही. माय मधून मधून "हाव व, हाव" म्हणत मान डोलवत भाकरी थापत होती. घर म्हणजे मला आता तेवढंच हवं आहे.