धून न वाजवता वाचलेली सूचना

खहरेबजारात एफएम आलं ते पुष्करमान साहूंच्या मिठाच्या गोदामात. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले, दाराला जुनी रजई टांगली, की झाला स्टुडिओ. साहूंचा हिशेब असा की गाणी लावावीत, जाहिराती आपोआप चालून येतील. पहिल्या वर्षी एकच आली, सिमेंटची, आणि ती दिवसातून इतक्यांदा वाजायची की पोरं ती झोपेत बरळू लागली. एफएम खरं तगवलं ते मेलेल्यांनी. डोंगरातल्या गावांना तेव्हा फोन नव्हता. कुणी गेलं की घरचा माणूस चिठ्ठी आणि पैसे घेऊन बजारात यायचा, आणि सकाळी सातला सगळ्या खोऱ्याला कळायचं.

ते वाचायची चेतकला पन्थी. ही बाई मुळात हरवलेल्या म्हशीची सूचना द्यायला आली होती. वाचणाऱ्याचा घसा बसलेला, म्हणून साहू वैतागून म्हणाले, "तुझी म्हैस, तूच वाच." तिने वाचलं. म्हैस संध्याकाळी सापडली आणि चेतकलाला नोकरी लागली. राजानं देशाचा सगळा कारभार हातात घेतला त्या माघात हुकमाने एफएमवरच्या बातम्या बंद झाल्या, गोदामाच्या दाराशी बंदूकवाला शिपाई बसला. त्याने विचारलं, "मरणाची सूचना म्हणजे बातमीच ना?" चेतकला म्हणाली, "हवालदारसाहेब, मेलेल्या माणसाला कसली आलीय बातमी?" शिपायाला हसू आलं आणि सूचना चालू राहिल्या.

सूचनेआधी साहूंनी बासरीची एक रडवी धून बसवली होती, अर्ध्या मिनिटाची. लोकांनी तिचा भलताच उपयोग शोधला. सुतक लागतं ते कानातून. ऐकलं तर पाळायचं, नाही ऐकलं तर आपण मोकळे. त्यामुळे दशैं, म्हणजे दसऱ्याचा मोठा सण, जवळ आला की बासरीचा पहिला सूर निघताच खोऱ्यातले रेडिओ पटापट बंद व्हायचे. ऐन सणात भाऊबंदांत कुणी गेलं आणि ते कानावर आलं, तर घराचा टिका, म्हणजे थोरांच्या हातून कपाळी लागणारा आशीर्वाद, बुडाला. साहूंना हे पक्कं ठाऊक होतं, पण त्यांची सूचना वाजलेली असायची आणि पैसे घेतलेले असायचे.

राजाचं ते प्रकरण निवळलं त्याच वर्षीच्या दशैंतली नवमी. वाचणारी दुसरी मुलगी सणाला घरी गेलेली. चेतकलाचा मुलगा यमलाल कतारहून चार वर्षांनी येत होता, दहा दिवसांच्या रजेवर, संध्याकाळी पोचणाऱ्या जीपने. सासरे ब्याऐंशीचे. अंधाऱ्या खोलीत टिक्याबरोबर द्यायचे जमऱ्याचे, म्हणजे जवाचे, पिवळे कोंब त्यांनी स्वतः वाढवले होते आणि रोज तेच बोलत होते: "नातवाच्या कपाळी एकदा टिका लागू दे, मग मला न्यायचं तेव्हा नेऊ दे." टिक्याचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी होता.

सात वाजता उमाकान्त पन्थी, कापडदुकानदार आणि सात गावांत पसरलेल्या पन्थी कुळातले मोठे शहाणे, दशैंच्या शुभेच्छा स्वतःच्या आवाजात देऊन बाहेर पडत होते. तेवढ्यात हस्तबहादुर मगर आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चिठ्ठी. तो कुठल्या गावचा आणि तिथे कुठला भाऊबंद अंथरुणाला खिळलाय, हे उमाकान्तांना माहीत होतं. त्यांनी झटक्यात दोन्ही कानांत बोटं घातली.

"बोलू नकोस! मला काही सांगू नकोस!"

"अहो दाजू, मी अजून तोंडही उघडलं नाही."

"उघडूही नकोस! साहू, याला उद्या संध्याकाळी बोलवा. सात गावांचा दशैं आहे हा!" आणि ते तसेच, कानात बोटं घालून, कोपराने दार ढकलत निघून गेले.

चेतकलाने चिठ्ठी वाचली. रानीवनचे दधिराम पन्थी पहाटे वारले होते. तिच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. दुपारी दोनला नदीच्या संगमावर अग्नी. थोरली मुलगी तुलसा भालूखोल्याला दिली होती, संगमापासून सात तासांच्या वाटेवर. तिने वडिलांचं तोंड बघायला यावं, एवढंच लिहिलं होतं.

"म्हाताऱ्यानं शेवटचे दोन दिवस तिचंच नाव घेतलं," हस्तबहादुर म्हणाला. "मुलगे सुतकात, म्हणून मला धाडलं. भालूखोल्याला मी चालत गेलो तर ती संध्याकाळी पोचेल. तोवर राख."

साहू म्हणाले, "धून लाव आणि वाच. ज्याला ऐकायचं तो ऐकेल. आपलं काम झालं."

"धून लावली तर तुलसाच पहिली बंद करेल, साहूजी. तिलाही सासरचा दशैं आहेच की."

"मग उद्या वाच. निम्म्या जाहिराती पन्थींच्या आहेत, काही कळतंय का तुला? आणि तुझा मुलगा येतोय ना आज?"

चेतकलाला यमलालच्या कपाळी टिका हवा होता. इतका हवा होता की चिठ्ठी घडी करून चोळीत ठेवावी आणि आज मला वाचायला जमणार नाही म्हणावं, असं क्षणभर तिच्या मनात आलंही. चार वर्षं ती या एका सकाळसाठी दिवस मोजत होती. पण दोन वाजता तुलसाचा बाप जळणार होता, आणि हे तिला सांगू शकणारं माणूस साऱ्या खोऱ्यात तीच होती.

दशैंचं गाणं चालू होतं. ते मध्येच तोडून, बासरी न लावता, तिने वाचलं. नाव, गाव, वेळ. मग चिठ्ठीत नसलेलं एक वाक्य स्वतःचं घातलं: "तुलसा, लगेच निघ. वाट बघतायत." दोन वाजेपर्यंत दर तासाला तिने तेच पुन्हा वाचलं.

सात गावांत एकदम सुतक शिरलं. कापून ठेवलेले बोकड शेजारच्या, सुतक नसलेल्या मगर कुळाने खाल्ले आणि वर पन्थींना सहानुभूतीही दाखवली. उमाकान्तांना खालच्या चहाच्या दुकानातल्या रेडिओने गाठलं. एव्हाना बिचाऱ्यांनी कानातून बोटं काढली होती. "दशैं खाणारी" हे नाव चेतकलाला त्याच दिवशी पडलं. पन्थींच्या जाहिराती वर्षभर बंद राहिल्या. साहूंनी तिला काढलं मात्र नाही. मेलेल्यांना तिचाच आवाज हवा असायचा.

तुलसा पोचली. धावत आली, पायात चप्पल नव्हती. मुलग्यांनी तासभर अग्नी थांबवला होता. तिने तोंड पाहिलं.

यमलाल अंधार पडता पडता आला. अंगणात बॅग ठेवून पायऱ्यांवरच बसला. आईने पाणी दिलं, ते त्याने एका दमात संपवलं.

"दुपारी जीपमध्ये रेडिओ चालू होता," तो म्हणाला. "चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आमा. ऐकला तो हा."

तिने रिकामं भांडं त्याच्या हातून घेतलं.

"दोघं पन्थी होते मागे. तुला शिव्या घालत होते. ती माझी आई आहे, असं मी नाही सांगितलं."

"बरं केलंस," चेतकला म्हणाली आणि भांडं घेऊन आत गेली. दशैं खाणारी या नावाचं तिला काही वाटलं नव्हतं. हे लागलं.

अकराव्या दिवशी तो परत निघाला. सवयीने आजोबांपुढे वाकला. म्हाताऱ्याचा हात त्याच्या कपाळापर्यंत गेला आणि तेरा दिवसांचं सुतक आठवून मागे आला. कोंब कोपऱ्यात केव्हाच सुकले होते.

सासरे माघात गेले. सूचना चेतकलानेच वाचली, बासरी लावून, रीतसर. नाव वाचलं, गाव वाचलं, घाटावर अग्नी द्यायची वेळ वाचली. खहरे एफएमचा आवाज पलीकडच्या डोंगराला अडायचा, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी तिने शेवटी सांगितलं, "यमलाल, आजोबा गेले," आणि गाणं लावलं.